उंची नऊशे दहा मीटर

४ एप्रिल, गुरुवार
सकाळी १५२/९४, संध्याकाळी १५८/९६.

डॉक्टरांनी ही वही करायला सांगितली. रोज दोनदा दाब मोजायचा, आकडा लिहायचा आणि त्या दिवशी काय झालं ते एका ओळीत टिपायचं. "म्हणजे तुमचा दाब कशानं चढतो ते कळेल," म्हणाले. तो कशानं चढतो ते मला चांगलं ठाऊक आहे. फक्त ते एका ओळीत मावणारं नाही.

आजची ओळ: भिंगवाली दुसऱ्यांदा हात हलवत परत आली.

भिंगवाली म्हणजे आमच्या संस्थेची नवी पाहणीदार. सत्तावीस वर्षांची, एक वर्षाच्या कंत्राटावर. गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं असतं, ते जेवतानाही काढायचं विसरते. एकदा आमटीत बुडालं तेव्हापासून हे नाव पडलं. पहिल्या दिवसापासून मला काका म्हणते. मी काही काका म्हणवून घ्यावं असा प्रेमळ वगैरे माणूस नाही, तरी म्हणते.

टेबलाशी येऊन उभी राहिली. "काका, नाही सापडला."

"सापडेल गं. उन्हाळ्यात तो नेचा वळून बसतो. मुठीएवढा, तांबूस, मेल्यासारखा. नजर बसायला वेळ लागतो."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी तिच्याकडे बघून बोलता आलं नाही, मी डिंकाच्या बाटलीचं झाकण पुसत राहिलो.

५ एप्रिल, शुक्रवार
१५५/९५. हिनं मीठ कमी केलंय. जेवण म्हणजे शिक्षा झाली आहे.

ठरवलं, ही वही डॉक्टरांना दाखवायची नाही. आकडे दुसऱ्या वहीत उतरवून देईन. इथं मोकळं लिहितो.

मी एकतीस वर्षं वाळलेल्या वनस्पती चिकटवतो आहे. पाहणीवाले झाडं वर्तमानपत्रात दाबून आणतात. मी ती जाड कागदावर डिंकानं आणि दोऱ्यानं बसवतो. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: काय, कुठं, कुठल्या दगडावर, किती उंचीवर, कुणी, कधी. वर एक छोटं कागदी पाकीट, त्यात गळून पडलेलं पान, बी, माती काय असेल ते. झाडाला उद्या कीड लागली तरी चालेल, पण लेबल खरं पाहिजे. लोक लेबलाच्या भरवशावर डोंगर तुडवतात. हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगतो, आणि बरं सांगतो.

आमच्या कपाटांत लाखभर कागद आहेत. मोजके लाल फायलीत. लाल फाईल म्हणजे याच कागदावरून त्या झाडाला जगात पहिल्यांदा नाव मिळालं. त्यातल्या एकीत तो नेचा आहे. वीतभर. उघड्या कातळाच्या फटीत, जिथं गवताची काडी तग धरत नाही तिथं उगवणारा. पानाच्या पाठीला दाट खवले. ऊन तापलं की पान आत वळतं, खवले बाहेर येतात, आणि पाणी लागलं की दोन-चार तासांत पुन्हा उघडतं. माझ्या तेव्हाच्या साहेब, बाईंनी, त्याला नाव दिलं त्यात माझं आडनाव आहे, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. त्यामुळे संस्थेत मला 'नेचेवाले' म्हणतात.

लेबल माझ्या अक्षरात आहे: "दक्षिणेची टेकडी, माथ्याखालची कपार, पांढरा चुनखडक, उंची ९१० मीटर."

मी आयुष्यात कधी त्या उंचीवर गेलेलो नाही.

लिहिलं एकदाचं. नंतर दाब मोजला. तो आकडा लिहीत नाही.

७ एप्रिल, रविवार
१५४/९२.

रविवारी मी बाईंकडे जातो. बाई म्हणजे माझ्या जुन्या साहेब. शहात्तर वय, डोळे जवळजवळ गेलेत, म्हणून मी त्यांना वाचून दाखवतो. आज बियांवरचा एक कंटाळवाणा लेख. मध्येच थांबवून नेहमीचा प्रश्न.

"त्या टेकडीवरून काय दिसतं रे?"

वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारतात. म्हातारपणी माणसं एकाच गोष्टीवर घुटमळतात. मी नेहमीचं सांगितलं: नदीचं वळण, पलीकडचं माळरान, आपण उतरलो होतो त्या बंगल्याचं लाल छप्पर.

"छप्पर दिसतं?"

"दिसतं की. काडेपेटीएवढं."

"बरं," म्हणाल्या. "आणि पाकिटं उघडून बघतोस ना अधूनमधून? कागदांवरची?"

"बघतो की, बाई."

"बघत जा. गुडघा कसा आहे?"

"डावा जरा कुरकुरतोय."

"मागं उजवा होता." मग चहा मागवला. या वयात त्यांची स्मरणशक्ती दगा देते आहे, याचं वाईट वाटलं.

९ एप्रिल, मंगळवार
१६०/९८.

संचालकांनी बैठक घेतली. गोष्ट अशी आहे. बंगल्यामागच्या घळीत दगडाची खाण निघणार आहे. दोन वर्षांपूर्वी तडजोड झाली: नेच्याची टेकडी राखीव, घळ खाणीला मोकळी. घळीची पाहणी तेव्हा कुणीतरी भर उन्हाळ्यात केली आणि "उल्लेखनीय काही नाही" असा शेरा मारला. या पंचविसापर्यंत आम्ही टेकडीवर नेचा अजून आहे एवढं लिहून द्यायचं, की फाईल बंद.

"दोन फेऱ्या झाल्या," संचालक भिंगवालीला म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी एका माणसाला पहिल्या दिवशी दिसलेलं तुम्हाला दिसत नाही. तुमच्या पुढच्या कंत्राटाचा विचार करताना हे मला लिहावं लागेल." सगळे त्या एका माणसाकडे आदरानं बघू लागले. मीही खाली बघून नम्र चेहरा केला. तो चेहरा आठवला की आता कानशिलं तापतात.

बैठकीनंतर ती आली. "काका, मला शिकवा ना. मी काय चुकतेय?"

तिला लाल फाईल काढून दाखवणं आलं. मी ती स्वतः कधी काढत नाही, शिपायाकडून काढवतो. वरच्या खणात आहे हे एक कारण आणि दुसरं सांगायला नको. तासभर तिला शिकवलं. ऊन तिरपं असताना बघ, फटीच्या सावलीकडच्या काठाला बघ, हात फिरव, खवले बोटाला लागतात. भलतं तन्मय होऊन शिकवलं. ती वहीत लिहून घेत होती. मग मी तिला माझी पाण्याची जादा बाटली दिली आणि त्याच टेकडीवर परत पाठवलं.

कसला माणूस आहे मी!

१० एप्रिल, बुधवार
दाब मोजला नाही.

आज सगळं लिहून टाकतो.

बंगल्यावर आमचा पाच दिवसांचा मुक्काम होता. तिसऱ्या दिवशी बाईंना ताप भरला. म्हणाल्या, तू एकटा जा, माथ्याखाली कपारी आहेत, तिथं नेचे असणार. मी छत्तीस वर्षांचा, नवं लग्न झालेला, पाठीवर पिशवी, तोंडात शीळ. एक तृतीयांश चढलो असेन. तिथं वाट फळीएवढी अरुंद होते. डावीकडे कातळ आणि उजवीकडे काहीच नाही. मी खाली पाहिलं आणि बसलो. दम लागला म्हणून नव्हे. पाय माझे राहिलेच नाहीत. कातळाला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग बसल्या-बसल्या घसरत खाली आलो. विजार मागून फाटली.

सकाळचे साडेनऊच वाजले होते. इतक्या लवकर काय तोंड दाखवणार! म्हणून बंगल्यामागच्या घळीत शिरलो आणि सावलीत लपून बसलो. घोडा झालेला माणूस, चार वाजेपर्यंत लपून. दुपारी आडवा झालो तर डोक्यावरच्या तांबड्या कातळाच्या छज्ज्याखाली या मुठी. दोनशे तरी असतील. मी सहा काढल्या.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. "बाई, माथ्यावर गेलो नाही, पण घळीत हे मिळालं." बाई हसल्या असत्या, नाचल्याही असत्या. पण मग विचारलं असतं, का नाही गेलास? त्या एका 'का'पायी मी टेकडीचं नाव घेतलं. उंची नकाशावरून उतरवली. टेकडी पांढरी, म्हणून दगड पांढरा लिहिला. आणि बाईंनी त्या धाडसाबद्दल नेच्याला माझं नाव दिलं.

पुढं प्रत्येक चढाईला माझं नाव पुढं यायला लागलं, म्हणून माझा गुडघा दुखायला लागला. कधी डावा, कधी उजवा. घरी मात्र हे सोंग चालत नाही. बल्ब हीच बदलते, माळ्यावरचं हीच काढते, मी खाली स्टूल धरतो.

मला वाटायचं, टेकडी राखीव झाली, बरंच झालं, कुणाचं काय बिघडलं? आता घळ जाणार आहे. आणि तो नेचा जगात दुसरीकडे कुठं असल्याचं कुणाला माहीत नाही.

१३ एप्रिल, शनिवार
१६४/१००.

भिंगवाली आली. दोन्ही तळहात सोललेले, नाकावरची कातडी गेलेली. तीन दिवस वर होती. माथ्याखालची एकेक फट क्रमांक टाकून पाहिली, चारशे बारा फटी. काही नाही.

संचालक तिला सगळ्यांसमोर बोलले. नंतर ती माझ्या खोलीत येऊन उभी राहिली, भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत.

"मला बघताच येत नाही बहुतेक, काका. असतात ना काही जण, गळा नसतो तरी गातात. तसं असेल माझं."

"असं नसतं गं."

"वरून बंगलासुद्धा दिसला नाही मला. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, लाल छप्पर. मध्ये दुसरी टेकडी येते." आणि हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. "तेही माझ्याच डोळ्यांचा दोष असेल."

मी घाबरलो. तिच्याबद्दल वाटून नाही, हे इथं लिहायलाच हवं. छप्पर दिसत नाही हे बाईंना कुणी सांगितलं तर, ही पहिली धास्ती. तिचे सोललेले हात मला नंतर दिसले.

१४ एप्रिल, रविवार
१५८/९६.

बाईंना भिंगवालीबद्दल सांगितलं, छप्पर वगळून.

"तीनदा गेली आणि तीनदा नाही म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"हो. पोर तशी कामाची आहे, पण नजर नाही."

"नजर आहे," बाई म्हणाल्या. "जे नाही ते नाही म्हणते. ते जमायला फार लागतं रे. मला नव्हतं जमलं." मग मान मागं टेकवली. मला वाटलं डोळा लागला. मी उठलो तर म्हणाल्या, "अजून काही सांगायचंय का तुला?"

"नाही, बाई."

"बरं. पुढच्या रविवारी ये."

त्यांना कसलाही संशय नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. रिक्षा न करता चालत घरी आलो.

१५ एप्रिल, सोमवार
१५६/९४.

हिनं आज माझे जुने चढाईचे बूट माळ्यावरून काढले, मोच्याकडून तळ बदलून आणले आणि दाराशी ठेवले. म्हटलं, हे कशाला? म्हणाली, "पडून खराब होतात." बावीस वर्षं पडले होते, तेव्हा नाही झाले खराब. वहीतलं पेनही आज पानात नव्हतं, टेबलावर होतं. मीच विसरलो असेन.

१६ एप्रिल, मंगळवार
१६२/९८.

आज सांगायचंच ठरवून संचालकांच्या खोलीत गेलो. रस्त्यात वाक्य पाठ केलं होतं: "साहेब, ते लेबल चुकीचं आहे." पाचच शब्द.

त्यांनी खुर्ची दिली. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय, त्याच्या समारंभाची पत्रिका समोर ठेवली. वर नेच्याचं सुंदर रेखाचित्र, खाली माझं नाव. "तुम्हाला भेट म्हणून त्या लाल फाईलमधल्या कागदाचा मोठा फोटो, चौकटीत. लेबलासकट. कसं वाटतं?"

मी पत्रिका डोळ्यांसमोर धरली. म्हटलं, "साहेब, ते…"

"बोला ना."

"ते अक्षर थोडं मोठं ठेवा."

बाहेर येऊन बेसिनवर तोंड धुतलं. आरशात बघवलं नाही. उद्या नक्की.

१७ एप्रिल, बुधवार
उद्या नक्की.

१८ एप्रिल, गुरुवार
दाब: यंत्रानं आकडाच दिला नाही, हात हलतोय म्हणून चूक दाखवली.

सकाळी संस्थेचा ड्रायव्हर सहज सांगत होता. काल बंगल्याकडून येताना रस्ता तासभर अडवला होता. घळीत चाचणीचा सुरुंग उडवला. काम पंचविसानंतर सुरू व्हायचं होतं, पण चाचणी आधी असते. मला माहीत नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं.

काल. आणि परवा मी अक्षर मोठं ठेवा म्हणत होतो.

भिंगवाली चिकटवायच्या खोलीत अहवाल लिहीत होती. मी दार लावलं आणि उभ्यानंच सांगितलं. कपारीपासून घळीपर्यंत, विजारीसकट. कुठंही थांबलो नाही.

ती ऐकत होती. मध्ये एकदा हाताचे तळवे उलटे करून बघितले.

"तीनदा गेले मी."

"हो."

"तिसऱ्यांदा तुम्ही बाटली दिलीत."

"हो."

मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लेखणीला टोपण लावलं, अहवालाची पानं नीट जुळवली आणि उभी राहिली.

"उद्या सकाळची गाडी किती वाजता मिळेल, साहेब?"

साहेब. संस्थेत निम्मे लोक मला साहेबच म्हणतात. तिच्या तोंडून ऐकलं आणि कुणीतरी घराबाहेर काढून कडी लावून घेतल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर दाराशी पिशवी भरून ठेवलेली. टोपी, पाणी, गोळ्या, मोजे. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो. हिला कसं कळलं, देव जाणे. "बूट आत्ताच घालून बघ," म्हणाली, "सकाळी घाई होईल." वाद घालायचं त्राण नव्हतं. घातले. बसले.

१९ एप्रिल, शुक्रवार
यंत्र घरी राहिलं.

घळीच्या तोंडाशी तांबडी धूळ अजून बसलेली नव्हती. तो छज्जा नाही. त्याच्या जागी ढिगारा, घराएवढाले दगड. मी उलटेपालटे करून काही बघितले. एकाला चिकटलेल्या चार मुठी होत्या, चिरडलेल्या. ओंजळीत घेऊन उभा राहिलो तर खाणीचा मुकादम विचारतो, "काही मौल्यवान होतं का, साहेब? परवा आला असतात तर सुरुंग थांबवला असता. आम्हाला काय, दुसरीकडे लावला असता." भला माणूस होता. त्याच्या भलेपणानं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 भिंगवाली मान वर करून बघत होती. ढिगाऱ्याच्या वर, उरलेल्या कातळात दीड माणूस उंचीवर फटींचा एक पट्टा होता. तिनं दुर्बीण लावली. "तिथं," म्हणाली.

मोजमाप घ्यायला दोघं लागतात, एकानं पट्टी धरायची, एकानं लिहायचं. ड्रायव्हर गाडीत राहिला होता. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. शेवटी मीच म्हटलं, "मी धरतो पट्टी."

ती आधी चढली. मग वरून सांगू लागली. "डावा पाय त्या खाचेत, साहेब. आता उजवा हात वर. नाही, अजून वर. खाली बघू नका." एकसुरी आवाजात, अनोळखी माणसाला रस्ता सांगावा तसं. मध्ये एका ठिकाणी माझे पाय पुन्हा माझे राहिले नाहीत. मी कातळाला चिकटलो, रडलो, तिच्यासमोर. तिनं घाई केली नाही. "वेळ आहे," एवढंच म्हणाली. दीड माणूस उंची. शाळेतलं पोर उडी मारून चढेल.

अकरा होते. फक्त अकरा. तिनं भिंग लावून एकेक पाहिला, मी पट्टी धरली. मग एकाच्या मुळाशी बाटलीतलं पाणी घातलं, थोडं पानांवर, आणि आम्ही तिथंच बसलो. ऊन वर आलं तेव्हा तिनं टोपी काढून त्याच्यावर सावली धरली. दुपार कलेपर्यंत मूठ उलगडली. करड्या-हिरव्या पानांची पाच बोटं. मी बावीस वर्षं वाळलेला नेचा पाहिला होता, माझ्या नावाचा जिवंत नेचा पहिल्यांदा पाहिला.

तिनं संचालकांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत काम थांबवल्याचा निरोप मुकादमाला आला. किती दिवस थांबेल माहीत नाही.

"अहवालात सगळं लिहीन मी," ती म्हणाली.

"लिही. लिहा."

"तुमचं नाव घालून."

"हो. मी आधी सांगायला हवं होतं. मी…"

"हे मला नका सांगू, साहेब. लेबलावर लिहा."

२० एप्रिल, शनिवार
१४८/९०.

आमच्या कामात एक नियम आहे. चुकीचं लेबल कधी काढायचं नाही, खोडायचं नाही, झाकायचं नाही. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची, तारीख आणि सही करून. दुसऱ्यांच्या हजारो चुकांशेजारी मी अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत, बहुतेक वेळा मनात हसत.

संचालकांना सकाळी सांगितलं. त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सरकवला. समारंभाचं काय करायचं ते कळवतो म्हणाले. भिंगवालीच्या कंत्राटाबद्दल मी विचारलं, तर म्हणाले, "ते तुम्ही विचारू नये." बरोबरच आहे.

मग शिपायाला न बोलावता शिडीवर चढून लाल फाईल काढली. चार पायऱ्या, पण काढली. चिठ्ठीवर लिहिलं: "वरील स्थळ खोटं आहे. नमुना टेकडीवरचा नाही. बंगल्यामागच्या घळीतला." 'चुकीचं' लिहिणार होतो, मग 'खोटं' लिहिलं. पुढं दगडाचा रंग लिहायचा होता. आठवणीवर आता माझा विश्वास नाही, मुळाशी धूळ राहिली असेल म्हणून वरचं पाकीट उघडलं. मीच चिकटवलेलं, बावीस वर्षांत कधी न उघडलेलं. लोक येतात, कागदाचा फोटो काढतात, पाकीट कोण उघडतो!

आत तांबडा दगड होता, हरभऱ्याएवढा. आणि घडी घातलेली चिठ्ठी. अक्षर माझं नव्हतं.

चिठ्ठी खिशात घालून घरी आणली, हेही नियमाबाहेर. उद्या रविवार आहे.

२१ एप्रिल, रविवार

बाई खिडकीशी बसल्या होत्या. "आज काय वाचणार?"

"एक चिठ्ठी आहे, बाई. पाकिटातली."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला, चाचपडत. "वाच."

मी वाचलं. "मुळाशी तांबडा दगड. टेकडी तर पांढरी. त्याला विचारायचं."

"तारीख काय आहे?"

सांगितली. आम्ही बंगल्यावरून परतल्यानंतरचा आठवा दिवस.

"पुढच्या वर्षी मी चढले होते त्या टेकडीवर," बाई म्हणाल्या. "एकटी. वर काही नव्हतं. छप्परही दिसत नव्हतं. पण तोवर नेच्यावरचा लेख छापून आला होता. माझी खुर्ची त्या लेखावर आली. तुला विचारलं असतं तर मला परत करावी लागली असती. म्हणून तुला दर रविवारी भलतंच विचारत राहिले, आणि तू आपणहून बोलशील म्हणून वाट बघत राहिले. सोपं होतं ते मला."

मी म्हटलं, घळ फोडली बाई, अकराच उरलेत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. हात पुढं केला, मी त्यावर तो हरभऱ्याएवढा दगड ठेवला. त्या बोटांनी फिरवून बघत राहिल्या.

"आता विचारते," म्हणाल्या. "त्या दिवशी कुठं होतास?"

"घळीत, बाई."

"टेकडीवर का नाही गेलास?"

बावीस वर्षं मी याच प्रश्नाला भीत होतो. उत्तर दोनच शब्दांचं निघालं.

"भीती वाटली."

"मलाही," बाई म्हणाल्या, आणि दगड माझ्या हातात परत दिला. "जा, पाकिटात ठेवून ये. चिठ्ठीसुद्धा. पण तिच्याखाली माझी सही नाही, ती आधी हवी. हात धरून करवून घे."